फळबाग लावायची? आधी जमिनीखालचं पाणी मोजा



नदीकाठच्या आणि कॅनॉलखालच्या काळ्या रानात ऊस काढून फळबाग लावायचा विचार बरेच सभासद करतायत. त्यांच्यासाठी आजचा सल्ला.

गेल्या वर्षी एका सभासदाच्या रानात मे महिन्यात मी स्वतः खड्डे बघितले. कोरडे ठणठणीत होते, म्हणून पपई लावा म्हटलं. ऑगस्टमध्ये त्याच खड्ड्यांत खालून पाणी चढलं आणि झाडं पिवळी पडून कोलमडली. चूक माझी. उन्हाळ्यातला खड्डा फसवतो.

*तपासणी आत्ता करा (ऑगस्ट-सप्टेंबर)*
रानाच्या खोलगट भागात ६ फूट खोल खड्डा घ्या. वरचं पाणी आत जाऊ देऊ नका. जनावर, लेकरू पडू नये म्हणून झाकून ठेवा. दोन दिवसांनी जमिनीपासून पाणी किती खाली आहे ते मोजा.

▪️ ६ फुटांपर्यंत पाणी नाही: नेहमीसारखी लागवड चालेल.
▪️ ३ ते ६ फुटांवर: खड्डा नको, गादीवाफ्यावरच लावा. पेरू, जांभूळ, नारळ त्यातल्या त्यात तग धरतात. पपई, डाळिंब, सीताफळ, मोसंबी टाळा.
▪️ ३ फुटांच्या आत: आधी चर किंवा सच्छिद्र पाइप टाकून निचरा करा. तोवर रोपं घेऊ नका.

*गादीवाफा का?*
भारी जमिनीत खड्डा म्हणजे बिनभोकाची बादली. पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. वरून पानं सुकलेली दिसतात, आपण अजून पाणी देतो आणि झाड लवकर जातं.

*कसा करायचा?*
✅ उंची २ फूट, माथा ४ फूट रुंद, उताराच्या दिशेने.
✅ दोन वाफ्यांमधली सरी शेवटी चराला किंवा ओढ्याला मिळालीच पाहिजे.
✅ कलमाचा जोड मातीच्या चार बोटं वर ठेवा.
✅ आळं करू नका. ठिबकनेच पाणी द्या, तेही वाफ्यातली माती हातात घेऊन बघूनच.

उन्हाळ्यात रानावर पांढरा थर येत असेल तर माती परीक्षणही करून घ्या. क्षार असतील तर नुसत्या वाफ्याने भागणार नाही.

खड्ड्यातलं पाणी किती फुटांवर लागलं ते गट नंबरासह इथे कळवा. रोपांची मागणी त्यानंतरच नोंदवू. एक हंगाम थांबलेलं परवडतं, तीन वर्षांची बाग उपटणं परवडत नाही.

आपला,
कृषी सल्लागार