गाडीतलं घड्याळ दुरुस्त करताना

मोबाइल खिशात असताना गाडीतल्या घड्याळाची गरज काय, असं मला गॅरेजवाल्यांनीही विचारलंय. गरज आहे. गाडी चालवताना वेळ बघायला मोबाइल हातात घेणं धोक्याचं असतं, आणि डॅशबोर्डच्या मधोमध विझलेला काळा चौकोन चांगल्या जपलेल्या गाडीचीही रया घालवतो. माझी गाडी १९९७ सालची. तिचं हिरव्या आकड्यांचं घड्याळ मी घरी दुरुस्त केलं आणि मग मित्रमंडळींच्या जुन्या गाड्यांची घड्याळंही माझ्या टेबलावर येऊ लागली. त्यातून जे हाती लागलं ते लिहितो.

१. घड्याळ कसं बंद पडतं, ते आधी बघा.

गाडी सुरू केली की दरवेळी एक वाजल्यापासून मोजायला लागत असेल, तर घड्याळ ठणठणीत आहे. त्याला चोवीस तास मिळायला हवा तो करंट कुठेतरी तुटतोय. आकडे गायब होतात, पण परत उमटतात तेव्हा वेळ बरोबर असते? मग मोजणारी चिप चालू आहे आणि दोष आकडे उजळवणाऱ्या भागात आहे. सकाळच्या गारव्यात चालतं आणि दुपारी उन्हात तापलं की जातं, किंवा खड्ड्यात आदळल्यावर अचानक लागतं, तर सोल्डर सुटलंय असं खुशाल समजा. हेडलाइट लावल्यावर आकडे मंद होतात तो बिघाड नव्हे. रात्री डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून ती सोय केलेली असते. घड्याळ उघडण्याआधी दोन-चार दिवस नुसतं त्याच्याकडे लक्ष ठेवलं, तर अर्धी दुरुस्ती तिथेच होते.

२. मीटरवर बारा व्होल्ट दिसले म्हणून करंट येतोय असं मानू नका.

या घड्याळांना साधारण चार तारा येतात: कायमचा करंट, किल्ली फिरवल्यावर येणारा करंट, दिव्यांची तार आणि अर्थिंग. कायमचा करंट बऱ्याच गाड्यांत छताच्या दिव्याच्या किंवा म्युझिक सिस्टिमच्या फ्यूजमधूनच येतो, म्हणून आधी तो फ्यूज बघावा. नंतर म्युझिक सिस्टिमच्या मागचा वायरिंगचा गुंता. बाजारात मिळणाऱ्या सिस्टिमची पिवळी तार कायमच्या करंटची आणि लाल किल्लीची. बॅटरी उतरू नये म्हणून बसवणारे कधीकधी दोन्ही एकत्र पिळून टाकतात, आणि त्या उलाढालीत घड्याळाची तार तशीच लोंबत राहते.

गंजलेल्या कनेक्टरमधूनही मीटर १२.५ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही. एका जुन्या वायरमन काकांनी मला सांगितलं होतं, "मीटर ठेवा बाजूला, बल्ब लावून बघा." कनेक्टरला छोटा टेस्ट लॅम्प जोडला की खरी स्थिती कळते. सांधा कच्चा असेल तर दिवा मिणमिणतो, नाहीतर लागतच नाही. हा सल्ला मला पुढे शेकडो रुपयांच्या हत्यारांपेक्षा जास्त उपयोगी पडला.

३. डॅशबोर्ड थंडीत उघडू नये.

पंचवीस वर्षं उन्हात भाजलेलं प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि त्याचे लॉक डिसेंबरच्या सकाळी काडकन तुटतात. गाडी तासभर उन्हात उभी करावी, बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी आणि मोबाइल उघडायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने एकेक लॉक सोडवावा. स्क्रू ड्रायव्हर वापरलात तर कडेला पडलेला ओरखडा कायम दिसत राहील.

४. सगळ्यात गरम होणारा भाग शोधा.

हिरवे-निळसर आकडे दाखवणारी काचेची नळी म्हणजे व्हॅक्यूम फ्लुरोसंट डिस्प्ले. तिच्यात केसाहून बारीक तारा तापतात, त्यांतून इलेक्ट्रॉन निघतात आणि आकड्यांवरच्या फॉस्फरवर आदळून उजेड पडतो. त्या तारांना लागतो एखाद-दोन व्होल्ट, गाडी देते बारा ते साडेचौदा. उरलेला दाब अनेक घड्याळांत एक-दोन मोठे रेझिस्टर अंगावर घेतात आणि त्याची उष्णता करून टाकतात. गाडी चालू असताना ते तापतात, बंद झाल्यावर गार होतात. वर्षानुवर्षं हे फुगणं-आक्रसणं सोल्डर सोसतं आणि एक दिवस सुटतं.

बोर्ड हातात आला की तपकिरी पडलेली जागा शोधायची. ती जळल्यासारखी दिसली तरी घाबरायचं कारण नाही. रेझिस्टर बहुधा शाबूत असतो. बोर्ड उलटा करून त्याच जागी भिंग धरायचं आणि उजेड तिरका पाडायचा. रेझिस्टरच्या पायाभोवती, वाळलेल्या हळदीच्या लेपाला पडते तशी, एक बारीक गोल भेग दिसते. समोरून बघितलं तर ती दिसतही नाही. पाय चिमट्याने हलका ढकलला की तो सोल्डरच्या आत हलतो. चिमटा धरल्या धरल्या तो पाय हलताना बघणं हा या सगळ्या कामातला माझा सर्वांत आवडता क्षण आहे, कारण आता गाठ कुणाशी आहे ते कळलेलं असतं.

जुन्या सोल्डरवरच सोल्डरिंग आयर्न टेकवून पुढे जाऊ नये. जुनं सोल्डर पंपाने ओढून घ्यावं, पाय खरवडून स्वच्छ करावा, थोडा फ्लक्स लावावा आणि ६३/३७ चं कथिल-शिशाचं ताजं सोल्डर द्यावं. ते १८३ अंश सेल्सिअसला वितळतं आणि सांधा चकचकीत होतो. नळजोडणीचा आम्लयुक्त फ्लक्स मात्र बोर्डाच्या जवळही आणू नका. तो तांबं खात राहतो. एक पाय सुटलेला दिसला तरी सगळ्या गरम भागांचे सांधे नव्याने करून टाकावेत.

५. कपॅसिटर स्वस्त आहेत, बदलून टाका.

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमधला द्राव उष्णतेने हळूहळू सुकतो, कधी खाली गळतो. गळलेल्या जागी सोल्डरिंग आयर्न लागलं की माशासारखा वास येतो, त्यावरूनच ओळखायचं. नवा घेताना ८५ ऐवजी १०५ अंशांचा घ्यावा. तापमान दहा अंशांनी कमी झालं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणून डॅशबोर्डसारख्या तापणाऱ्या जागी हा फरक मोठा. व्होल्टेज किमान २५ चं असावं. पट्टी असते ती बाजू निगेटिव्ह. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे काही रुपयांत मिळतात.

६. काट्यांचं घड्याळ वेगळ्या रीतीने हाताळा.

काट्यांच्या क्वार्ट्झ घड्याळांत बऱ्याचदा ४.१९४३०४ मेगाहर्ट्झचा स्फटिक असतो. ही संख्या २ चा बाविसावा घात आहे. बावीस वेळा निम्मी केली की सेकंदाला एक ठोका उरतो. स्फटिक सहसा दगा देत नाही. अडतं ते वंगण, जे घट्ट होऊन दातेरी चाकं धरून ठेवतं. घड्याळजीकडचं तेल सुईच्या टोकाने जेमतेम लावावं. गंज सोडवायचा स्प्रे कधीही मारू नये.

त्याहून जुन्या गाड्यांत स्प्रिंगची घड्याळं असत. स्प्रिंग काही मिनिटांत उतरली की दोन संपर्कबिंदू टेकत, कॉइलला झटका बसे आणि स्प्रिंग पुन्हा ताणली जाई. बॅटरी अशक्त असली तर झटका पुरा पडत नाही, बिंदू टेकलेलेच राहतात आणि कॉइल जळते. म्हणून अशी गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, तर घड्याळाची तार काढून ठेवा.

७. जुन्या बाजारातलं घड्याळ घेताना काच बघा.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी अशी घड्याळं कधीतरी मिळून जातात. डिस्प्लेच्या काचेच्या आत, कोपऱ्यात आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो चकचकीत असेल तर आतली निर्वात पोकळी टिकून आहे. दुधाळ पांढरा झाला असेल तर काचेत हवा शिरली आहे, आणि तो डिस्प्ले कुठल्याच सोल्डरने उठणार नाही. तेवढं बघून मग भाव करा.

८. गाडीत बसवण्याआधी टेबलावर छळा.

१२ व्होल्टच्या अडॅप्टरवर रात्रभर चालवावं. हेअर ड्रायरने तापवावं, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने बोर्डावर हलकं ठोकावं, गार होऊ द्यावं आणि पुन्हा तापवावं. एकही आकडा लुकलुकला तर कव्हर लावायचं नाही. परत भिंग घ्यायचं आणि त्या आकड्याच्या पायापासून सुरुवात करायची.