शेतात उगवलेला डोंगर



ज्वालामुखी म्हटले की आपल्याला आग ओकणारा मोठा थोरला पर्वत आठवतो. मला पण तसेच वाटायचे. पण ज्वालामुखी लहान पण असतात, आणि ते बहुतेक घोळक्याने असतात. ते कसे, हे मी आज सांगणार आहे.

मेक्सिको नावाच्या देशात पारिकुतीन नावाचे खेडे होते. तिथे दिओनिसिओ पुलिदो नावाचा शेतकरी मका पिकवायचा. २० फेब्रुवारी १९४३ या दिवशी तो पेरणीसाठी रान तयार करत होता. त्याआधी काही दिवस जमीन बारीक बारीक हादरत होतीच. दुपारी त्याच्या रानात भेग पडली. आतून गडगड आवाज आला, धूर निघाला आणि गंधकाचा वास सुटला. शेतकरी घाबरला आणि गावाकडे पळाला.

दुसऱ्या दिवशी बघतात तर काय, शेतात टेकडी उभी! एका वर्षात ती ३०० मीटरच्या वर गेली. झेंड्याचा खांब ६ मीटरचा धरला, तर असे ५० खांब एकावर एक उभे केले तरी टेकडीच उंच भरेल.

टेकडी एवढी वाढली कशी? जमिनीच्या खाली खोलवर खडक वितळून शिलारस तयार होतो. त्यात वायू कोंडलेले असतात. सोड्याची बाटली हलवून उघडली की कशी फसफसून वर येते, तसा तो जोराने बाहेर येतो. वर उडालेले थेंब हवेत गार होतात, त्यांचे खडे होतात आणि तोंडाभोवती पडतात. खळ्यावर धान्य ओतले की रास होते ना? वरून पडलेले दाणे बाजूने घरंगळतात आणि रास वाढत जाते. तशीच ही खड्यांची रास.

हा ज्वालामुखी ९ वर्षे पेटला होता. १९५२ साली तो थांबला. तोपर्यंत दोन गावे लाव्ह्याखाली गेली होती. एका गावातल्या चर्चचा मनोरा तेवढा वर राहिला. तो अजून दिसतो. लाव्हा हळूहळू पुढे सरकत होता, म्हणून माणसांना निघून जाता आले. पण घरे गेली, जमिनी गेल्या. मी हे घरी सांगितले तर आई म्हणाली, “आरं, त्याची पेरणी राहिलीच की रं!”

त्या भागात अशा लहान टेकड्या १००० च्या आसपास आहेत. होरुयो नावाची टेकडी पण १७५९ साली अशीच शेतजमिनीत निघाली होती. बहुतेक टेकड्या एकदाच पेटतात आणि मग कायमच्या विझतात. आतली वाट गार होऊन दगडाने बुजते. पुढे नवा शिलारस आला की तो दुसरी भेग शोधतो. पाटाला एका जागी चिखल लिंपला तर पाणी दुसरीकडून फुटते, तसेच हे. म्हणून एका टेकडीशेजारी दुसरी, तिच्याशेजारी तिसरी, असा घोळका तयार होतो.

शुक्र ग्रहावर पण असे घोळके आहेत. तिथे कायम दाट ढग असतात, म्हणून मॅगेलन यानाने १९९० ते १९९४ मध्ये रडारने त्याचे नकाशे काढले. ते नकाशे बघून शास्त्रज्ञांनी २०२३ साली सुमारे ८५,००० ज्वालामुखी मोजले. जवळजवळ सगळे ५ किलोमीटरपेक्षा कमी रुंद आहेत. त्यांतले पुष्कळसे उपड्या तव्यासारखे पसरट आहेत, कारण पातळ लाव्हा लांब वाहत जातो.

आजीने मला विचारले, “आपल्या मळ्यात बी असं निघंल का रं?” मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, “महाराष्ट्रात आज जिवंत ज्वालामुखी नाही, आजीला सांग, खुशाल पेर.” पण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्याकडे जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वाहिला होता. त्याचे थरावर थर बसले. आपल्या विहिरीत लागतो तो काळा पाषाण म्हणजे तोच लाव्हा. तोच झिजून आपली काळी माती झाली.

म्हणजे आपण पण लाव्ह्यावरच पेरतो! पटत नसेल तर विहिरीत वाकून बघा, पण मोठ्या माणसाचा हात धरून.

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी