तेलाची बाटली आणि येसर

चि. सोनूस,


जर्मनीला न्यायच्या सामानाची यादी तुझ्या आईने मला फोनवर वाचून दाखवली. दोन किलो घरचं तूप, दोन लिटर करडईचं तेल, लोणच्याच्या तीन बरण्या, शिवाय पेढे. तिला नाही म्हणायचं तुझ्याच्याने होणार नाही, म्हणून मीच लिहिते. यातलं पातळ ते जवळपास सगळं काढून टाक.

तूप विमानात अडत नाही, उतरल्यावर अडतं. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला मनाई आहे, जनावरांचे रोग तिकडे पोचू नयेत म्हणून. तूप दुधाचंच, पेढेही दुधाचेच. सिद्धरामेश्वराचा प्रसाद आहे म्हटल्याने कस्टमवाला विरघळणार नाही. तिथे बिनमिठाचं लोणी कुठेही मिळतं. २५० ग्रॅमची वडी मंद आचेवर कढव, बेरी तांबूस झाली की उतरव. दोनशे ग्रॅमच्या आसपास तूप हाती येईल, आणि ते ताजं असेल.

घाण्याच्या करडई तेलावर तुझा जीव आहे, ठाऊक आहे मला. अर्धा लिटर ने, जास्त नको, आणि तेही चेक-इन बॅगेत. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. ती अर्धीच भरलेली आहे म्हणून वाद घालू नकोस, तिथे माप बाटलीचं धरतात. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला, तेव्हापासूनचं हे बंधन. लोणचं, ठेचा हेही त्यांच्या लेखी द्रवच.

आता बाटली भरायची कशी ते नीट वाच. विमानाच्या पोटात, जिथे बॅगा असतात तिथे, हवेचा दाब राखलेला असतो, पण मुंबईइतका नाही. अडीच हजार मीटर उंच डोंगरावर असतो तितका, म्हणजे साधारण तीन-चतुर्थांश. बाटलीत तेलावर राहिलेली हवा तिथे फुगते आणि बाटली आडवी असली की तेलाला झाकणातून बाहेर ढकलते. लोक झाकण घट्ट करत बसतात, खरं काम हवा काढण्याचं आहे. काच नकोच. जाड प्लास्टिकची, आट्यांच्या झाकणाची बाटली घे, तेल भर, अंग दाबून वरची हवा घालव आणि दाबलेली असतानाच झाकण फिरव. फुगायची वेळ आली तर बाटलीला तेवढी जागा राहते. झाकणावर चिकटपट्टी, मग एकात एक अशा दोन झिपच्या पिशव्या. सोलापुरी टॉवेल तू नेणारच आहेस, तोच भोवती गुंडाळ.

गंमत अशी की खोबरेल तेल चालतं आणि ज्या सुक्या खोबऱ्यातून ते निघतं ते चालत नाही. खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून धोकादायक मालात मोडतं. तेव्हा खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेव. ओला कढीपत्ताही नको, त्याला रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. सावलीत वाळवून ने.

बॅगेतली जागा कोरड्या गोष्टींना दे. शेंगा चटणी कुटून झाल्यावर पूर्ण निवू दे, गरम भरलीस तर पिशवीत घाम धरते. तेल सुटतंच, म्हणून कागदी पाकीट नको. काळा मसाला थोडा. आणि येसर मात्र भरपूर! गहू, हरभरा डाळ, धणे, मिरच्या भाजून दळलेलं ते पीठ म्हणजे कोरडी आमटीच. तिकडच्या कुठल्याही तेलात लसणाची फोडणी दे, पाण्यात कालवलेलं येसर ओत, उकळी आण. परीक्षेच्या दिवसांत याहून सोपा स्वयंपाक नाही. प्रत्येक पिशवीवर आत काय आहे ते इंग्रजीत लिही, काळ्या पुडीकडे पाहून कोणालाही शंका येते.

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून आता विमानं सुटू लागली, म्हणून मुंबईपर्यंतही विमानानेच जायचं तुझ्या मनात आहे. ते तिकीट वेगळं काढलंस तर देशातल्या विमानात साधारण १५ किलोच मोफत नेता येतं, पुढे तीस किलोची मुभा असली तरी. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जा. रात्रभर झोप होईल आणि बॅगेखाली कोणी वजनकाटा धरणार नाही.

तुझी,
आत्या