डाळिंबाची गुटी : एका झाडाचे अनेक देह

डाळिंबाची नवी बाग लावूं इच्छिणारे शेतकरी ‘रोप कोठून आणावें?’ असें विचारतात. प्रश्न साधा दिसतो; परंतु बागेचें पुढील अनेक वर्षांचें भवितव्य त्यांत सांठविलेलें असल्यामुळें आम्ही येथें त्याचा विचार योजिला आहे.

डाळिंबाचें बीं पेरिलें असतां निपजणारें झाड मूळ झाडासारखेंच होईल असा भरंवसा नसतो. हा भेद कधीं लाभाचाही ठरतो. १९३६ सालीं डॉ. चीमा यांनीं पुणें येथें ‘आळंदी’ वाणाच्या रोपांतून एक उत्तम झाड निवडिलें. तोच पुढें ‘गणेश’ वाण झाला. परंतु एकदां सांपडलेला गुण टिकवावयाचा तर बीं कामाचें नाहीं. तेथें गुटीच पाहिजे.

पावसाळ्यांत पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची साल सुमारें एक इंच वलयाकार काढून तेथें ओलें शेवाळ बांधितात. मुळें फुटल्यावर फांदी कापून लावितात. या फांदीच्या पेशींत मूळ झाडाचेच गुण असतात. संयोगावांचून एकाच देहापासून झालेल्या अशा संततीस शास्त्रज्ञ ‘क्लोन’ म्हणतात. डहाळी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून वेबर नामक शास्त्रज्ञानें १९०३ सालीं हें नांव सुचविलें. स्कॉटलंडांत १९९६ सालीं ‘डॉली’ मेंढी व कर्नाळ येथें २००९ सालीं म्हशीचें रेडकूं अशाच अर्थीं जन्मलें. मात्र प्राण्यांत जें महत्प्रयासानें साधलें, तें आमचा माळी चाकूनें साधीत आला आहे.

परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. राहुरीच्या कृषि विद्यापीठानें २००३-०४ सालीं प्रसारित केलेला ‘भगवा’ आज सोलापूर जिल्ह्यांत सर्वत्र दिसतो. सर्व झाडें एकाच घडणीचीं असल्यामुळें एकास जो रोग बाधतो, तो सर्वांस बाधूं शकतो. शिवाय तेल्या रोगाचे जंतु वरून निरोगी दिसणाऱ्या फांदींतही असूं शकतात. अशी गुटी आणणें म्हणजे पैसे देऊन रोग घरीं आणणें होय.

ऊतिसंवर्धनांत तपासलेल्या मातृवृक्षाचा लहानसा अंकुर निर्जंतुक बरणींत वाढवितात; तेणेंकरून स्वच्छ रोप मिळतें. तथापि तें रोप तेल्यास दाद देत नाहीं, असा समज कोणीं करून घेऊं नये. शेतांत जंतु आले तर तेंही बळी पडतें.

म्हणून आमची सूचना अशी : रोगी बागेंतून, अगर तिच्या शेजारच्या बागेंतूनही, गुटी घेऊं नये. मातृवृक्ष स्वतः पाहावा. फळांवर तेलकट काळे डाग व भेगा दिसल्यास परत फिरावें. छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावी. शंका असल्यास सोलापुरास २००५ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.

स्वस्त रोपांत वांचलेले चार पैसे पुढें औषधांत दसपटीनें जातात. मातृवृक्षाची परीक्षा हीच बागेची पहिली मशागत होय.