अपस्मारी मूल आणि आईबाप

शाळा सुरू झाली त्या आठवड्यांत खालापूरकडील एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, “मास्तर, मुलाला फेफरें येतें; पण वर्गांत कोणाला कळूं देऊं नका.” मुलाच्या दुखण्याहून तें लपविण्याचें ओझें त्यांना अधिक झालें होतें.

मेंदूंतील पेशींची विजेची देवघेव एकाएकीं बिघडली कीं झटका येतो. हा विकार स्पर्शानें लागत नाहीं, कीं भुताखेतांच्या बाधेनें होत नाहीं. अशा वेळीं मुलाला कुशीवर वळवावें, डोक्याखालीं मऊ घडी द्यावी व घड्याळ पाहावें. दांतखीळ बसली तरी तोंडांत चमचा घालूं नये; कांदा, वहाण हुंगविणें व्यर्थ होय. पांच मिनिटांत झटका न थांबल्यास दवाखाना गांठावा. नियमित औषधानें दहांपैकीं सुमारें सात जणांचे झटके थांबूं शकतात. पोहण्यास मात्र एकट्याला सोडूं नये. पाताळगंगेला खोपोलीच्या वीजघराचें पाणी उन्हाळ्यांतही असतें.

आतां आईबापांविषयीं. दहा शेजारी दहा उपाय सांगतात, आणि मुलीच्या लग्नाची काळजी आईला रात्रभर जागविते. (हिंदु विवाह कायद्यांतील अपस्माराची आडकाठी १९९९ सालींच काढण्यांत आली, हें पुष्कळांना ठाऊक नसतें.) अशांना अशाच आईबापांची संगत पाहिजे. पुण्यास यशोदा वाकणकर यांनीं ‘संवेदना’ हा गट त्यासाठींच काढला. हें दुखणें त्यांनीं स्वतः सोसलें आहे. कर्जतहून पुणें आगगाडीनें फार दूर नाहीं.

त्या गृहस्थांना मीं एवढेंच विचारलें, “बाकावरच्या शेजाऱ्याला कुशीवर वळवायला शिकवूं का?” ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “दोघांना शिकवा.”