चंद्रावरची अजान : एका अफवेचा धडा



अमेरिकन अंतराळवीर नील आर्मस्ट्राँग यांच्या कानी चंद्रावर एक अनोळखी आवाज पडला, पुढे इजिप्तमध्ये अजान ऐकताच त्यांनी तो ओळखला आणि इस्लामचा स्वीकार केला, ही कथा आपणापैकी अनेकांनी ऐकली असेल. बयानांतून ती सांगितली गेली आणि आता मोबाइलवरून फिरते. ऐकताना ऊर भरून येतो. परंतु ज्या धर्मात साक्षीला एवढे मोल आहे, त्याच्या अनुयायाने आधी हे विचारावयास हवे की, ज्यांच्याविषयी ही कथा आहे ते स्वतः काय म्हणाले?

त्यांचे उत्तर उपलब्ध आहे. आर्मस्ट्राँग जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरले. पुढे इजिप्त, मलेशिया व इंडोनेशियातील वृत्तपत्रांत त्यांच्या धर्मांतराचे वृत्त आले आणि इस्लामी संस्थांकडून त्यांना विचारणा होऊ लागली. अखेर मार्च १९८३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मुस्लिम देशांतील आपल्या वकिलातींना कळविले की, कोणाचे मन दुखवावे किंवा कोणत्याही धर्माचा अनादर करावा असा आर्मस्ट्राँग यांचा हेतू नाही. मात्र त्यांनी इस्लाम स्वीकारल्याचे वृत्त खरे नाही. ते लेबनॉनला जाऊन राहिले, असाही या कथेचा एक भाग आहे. वस्तुतः ते काही वर्षे राहिले ते लेबनॉन म्हणजे अमेरिकेच्या ओहायो राज्यातील त्याच नावाचे एक गाव होय. शिवाय चंद्रावर हवा नाही, आणि हवेवाचून ध्वनी कानापर्यंत पोहोचत नाही. २५ ऑगस्ट २०१२ रोजी आर्मस्ट्राँग यांचे निधन झाले. कथा मात्र आजही सांगितली जाते.

हा मोह केवळ आपलाच आहे असे नाही. अमेरिकेत मॉर्मन नावाचा एक ख्रिस्ती म्हणविणारा पंथ आहे. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये त्याची स्थापना केली आणि ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा त्यांचा स्वतंत्र धर्मग्रंथ आहे. प्रसिद्ध गायक एल्व्हिस प्रेस्ली १९७७ मध्ये वारले. त्यानंतर या पंथीयांत अशी वार्ता पसरली की, एल्व्हिस हा ग्रंथ मनापासून वाचीत होते. त्यांच्या प्रतीच्या समासात त्यांच्या हातची टिपणेही आहेत. ती प्रत चर्चच्या संग्रहात पोहोचली. परंतु चर्चच्याच इतिहासतज्ज्ञांनी हस्ताक्षर पडताळले आणि ते एल्व्हिस यांचे नसल्याचे सांगितले. त्यांच्या श्रद्धा आपल्याला मान्य नाहीत. तरीही आपल्या बाजूची सुखद वार्ता तपासून नाकारण्याचा हा प्रामाणिकपणा दखल घेण्याजोगा आहे.

कारण हीच शिकवण आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वी मिळालेली आहे. आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम (रजि.) यांचे निधन झाले, त्याच दिवशी मदीनेत सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले की, पैगंबरपुत्राच्या मृत्यूमुळे सूर्य झाकोळला. किती सोयीची समजूत होती ती! पित्याच्या दुःखावर फुंकर घालणारी आणि पैगंबरीची थोरवी वाढविणारी. पैगंबर (स.) केवळ मौन राहिले असते, तरी ती सर्वत्र पसरली असती. परंतु त्यांनी लोकांना नमाज पढविली आणि स्पष्ट केले की, सूर्य व चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत; कोणाच्या मरणाने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. वाचकहो, ज्या पैगंबरांनी आपल्या गौरवाची असत्य समजूत क्षणभरही टिकू दिली नाही, त्यांच्या धर्माचा गौरव चंद्रावरच्या कल्पित अजानने कसा होईल?

मग अशा कथा आपल्याला का हव्याशा वाटतात? आपला धर्म खरा असल्याची ग्वाही आपण एखाद्या नामांकिताच्या तोंडून ऐकू इच्छितो, म्हणून. ‘सूरह अबस’ या दुर्बलतेचे मूळच दाखवून देते. पैगंबर (स.) कुरैशच्या प्रतिष्ठितांना संदेश समजावून सांगत असताना अंध सहाबी अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम (रजि.) ज्ञानाच्या ओढीने आले. त्यांच्याकडे झालेल्या क्षणिक दुर्लक्षाबद्दल अल्लाहने आपल्या पैगंबरांना जाणीव करून दिली. अल्लाहच्या दरबारी प्रतिष्ठितापेक्षा त्या शोधकाचे वजन अधिक ठरले. आपल्या मोहल्ल्यात एखादा सामान्य माणूस धर्म समजून घेण्यासाठी येतो तेव्हा आपल्याला वेळ नसतो. आणि दूरदेशीच्या गायकाच्या ‘गुप्त’ ईमानाची चर्चा मात्र तासभर रंगते. सूरह हुजुरातच्या सतराव्या आयतीचा आशय तर असा की, कोणी इस्लाम स्वीकारून अल्लाहवर वा पैगंबरांवर उपकार करीत नाही. ईमानाचा मार्ग दाखविणे हाच अल्लाहचा माणसावर उपकार आहे.

याच सूरहमध्ये दोन आज्ञा आहेत. सहाव्या आयतीत आलेल्या बातमीची शहानिशा करण्याची आणि बाराव्या आयतीत संशय व हेरगिरी टाळण्याची. एखाद्याच्या गळ्यातील ताईत, उच्चारलेला एखादा शब्द किंवा दर्ग्यातील छायाचित्र यांवरून त्याच्या अंतःकरणाचा निवाडा करणे यात बसत नाही. हे उलट दिशेनेही तितकेच खरे आहे. मुंबईच्या चित्रसृष्टीतील एखाद्या मुस्लिम कलाकाराचे छायाचित्र पाहून ‘तो आता मुसलमान राहिला नाही’ असे बोलणारेही आपल्यातच आहेत. कलमा उच्चारणाऱ्याला रणांगणात ठार करणाऱ्या उसामा (रजि.) यांना पैगंबर (स.) यांनी, तू त्याचे हृदय चिरून पाहिले होतेस काय, असे खडसावून विचारले होते. हा प्रश्न आपल्यालाही आहे.

या अफवांची किंमत दोघे मोजतात. एक म्हणजे ज्याच्याविषयी ती पसरते तो. आपल्या देशातील आजच्या वातावरणात धर्मांतराच्या खोट्या वार्तेने एखाद्या कुटुंबाचे जिणे अवघड होऊ शकते. दुसरा आपलाच तरुण. मिंबरवरून ऐकलेली चंद्राची कथा खोटी असल्याचे महाविद्यालयात त्याला कळते, तेव्हा त्याच मिंबरवरून ऐकलेल्या सत्याविषयीही त्याच्या मनात शंका उभी राहते. खोट्या आधारावर उभारलेले ईमान त्या आधाराबरोबरच डळमळते.

म्हणून असा संदेश हाती येताच तीन प्रश्न विचारा. त्या व्यक्तीने स्वतः, उघडपणे हे सांगितले आहे काय? सांगितल्याचा पुरावा काय? आणि हे पुढे पाठविल्याने कोणाचे भले होणार आहे? ब्रिटिश गायक कॅट स्टीव्हन्स यांनी १९७७ मध्ये इस्लाम स्वीकारला, युसुफ इस्लाम हे नाव घेतले आणि आपली वाटचाल स्वतः जगाला सांगितली. तेथे अफवेची गरजच उरत नाही. जेथे असा उच्चार नाही, तेथे मौन पाळणे हीच अमानत. ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे एवढेही माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, या आशयाची हदीस इमाम मुस्लिम यांनी आपल्या संग्रहाच्या प्रारंभीच नोंदविली आहे.

अल्लाह आपल्या जिभेला सत्याची आणि आपल्या बोटांना संयमाची सवय लावो. आमीन.