सागवानातलं कृष्णेचं खोरं : खर्च किती?

आपल्या नदीचं खोरं उठावशिल्पात करून घ्यायचं, तर डोंगर सीएनसी मशीनकडून आणि नदी कारागिराच्या हातून कोरून घ्या. पैसा याच वाटणीवर वाचतो किंवा वाया जातो. उदाहरणादाखल महाबळेश्वर ते वाई हा 30 किमी लांबीचा पट्टा 90 × 60 सेंमी सागवानावर घेऊ. दर बाजारानुसार बदलतात. खालचे आकडे अंदाजासाठी आहेत.

मशीनला द्यायची फाइल (3,000–6,000 रु.) : 30 मीटर अंतराने मोजलेल्या उंचीची माहिती इस्रोच्या ‘भुवन’वर मोफत मिळते, ती हाताळणारं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही मोफत आहे. पैसे द्यायचे ते फक्त मेहनतीचे. या प्रमाणात 1 सेंमी म्हणजे 333 मीटर, त्यामुळे साडेसहाशे मीटरचा घाट जेमतेम 2 सेंमी उठतो. उंची दुप्पट करून मागा, नाहीतर सह्याद्री सपाट दिसेल.

लाकूड (5,000–9,000 रु.) : 5 सेंमी जाडी धरली तर साधारण एक घनफूट, वर तूट. एवढी रुंद फळी पट्ट्या जोडूनच करतात. लाकूड मुरलेलं हवं, नाहीतर सांधे उघडतात.

मशीन (4,500–7,500 रु.) : तासाला 300 ते 500 रु. धरून 15 तास. फिनिशिंगच्या दोन फेऱ्यांतलं अंतर अर्धा मिमी ठेवलं तर सहा तास लागतात, पाव मिमी ठेवलं तर बारा. कोटेशन स्वस्त दिसलं, तर आधी हे अंतर विचारा.

हातकाम (8,000–12,000 रु.) : 30 मीटर रुंदीचं पात्र इथे 1 मिमीहूनही बारीक होतं. मशीनच्या 3 मिमी टोकाला ते जमत नाही. पात्राची वळणं, धोमच्या जलाशयाचा काठ, वाईचे घाट पटाशीनेच येतात. चार दिवस धरा.

पॉलिश (2,000–4,000 रु.) धरून एकूण 22,500 ते 38,500 रु. जीएसटी आणि वाहतूक वेगळी. हेच शिल्प ब्राँझमध्ये हवं असेल, तर 5 मिमी जाडीलाही किमान 24 किलो धातू लागतो. ओतकामाचा दर किलोवर विचारा.

बजेट कमी पडलं तर शिल्पाचा आकार घटवा, कारागिराचे दिवस कापू नका. आणि फाइल तुमच्याकडे राहील, हे आगाऊ रक्कम देण्याआधी लिहून घ्या.